अंबिकेचा डंक निघाला करी रोडला

अंबिकेला भेटायला आलेला माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. लालबागला तिचा मसाल्याचा डंक आहे, तिथे हवेतच मिरची असते. नवखा माणूस दाराशी नाक पुसत उभा असतो आणि अंबिका तोंडाला फडकं बांधून आतून विचारते, "किती किलो?" नमस्कार-चमत्कार नंतर.

डंक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाचं उखळ आणि त्यात वरून पडणारं लोखंडाचं मुसळ. अंबिकेकडे अशा चार जोड्या. मोटर मुसळ उचलते, सोडते, उचलते, सोडते. धप्प, धप्प. दळलेली मिरची तापते आणि तिचा रंग उतरतो, कुटलेलीचा वास वर्ष संपलं तरी बरणीत राहतो, असं आम्ही लालबागवाल्या म्हणतो. आमच्यासमोर दुसरं म्हणायची कुणाची छाती झालेली नाही.

आणि एक रीत आहे. आपला मसाला कुटून होईपर्यंत बाईने डंकापाशी बसायचं. घरून भाजून आणलेली मिरची, धणे, दगडफूल, सगळं डोळ्यांसमोर उखळात पडलं पाहिजे आणि डोळ्यांसमोर चाळून डब्यात आलं पाहिजे. हा काही अंबिकेवरचा अविश्वास नव्हे. तिची सख्खी आईसुद्धा मसाला घेऊन आली की पाटावर बसून राहते, आणि लेकीला सांगते, "दुसरीचं मिसळू नको हां."

डंक मूळचा अंबिकेच्या वडिलांचा, कोंडीरामचा. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे कोकणात गेले किंवा कुठे वॉचमन झाले. कोंडीरामने डंक टाकला. पोरीला शाळेतून आली की चाळणीवर बसवायचा. लग्नानंतर अंबिका दोन गल्ल्या सोडून आमच्या चाळीत आली, पण डंक काही सोडला नाही. नवरा शिवा परळच्या एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो. तो घरात फार बोलत नाही. बायकोला भितो असं लोक म्हणतात. मला तरी तो दिवसभर वर-खाली करून दमलेलाच वाटतो.

अंबिकेकडे एक पिकअप गाडी आहे. मिरचीची पोती आणायची, खानावळींना मसाला पोचवायचा, सगळं ती स्वतः चालवून करते. पहिल्यांदा ती गाडी घेऊन गल्लीत शिरली तेव्हा पोरं बाजूला झाली, म्हातारे उभे राहून बघत बसले. आता म्हातारेही बाजूला होतात.

तर अशा या अंबिकेच्या डंकाची इमारत पाडायला निघाली. टॉवर होणार. गाळ्याच्या बदल्यात नवा गाळा मिळणार, पण त्यात डंक चालणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. त्यांचंही खोटं नाही. वर कुणाचं तान्हं बाळ झोपलंय आणि खाली आपण मिरची कुटतोय, हे कसं जमावं? अंबिकेचा दीर म्हणाला, भंगारात घाल ते लोखंड आणि तिथे मोबाईलचं दुकान टाक. अंबिकेने त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

मला मात्र ती बोलली. माझ्या खोलीत उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. मला मावशी म्हणते ती, नात्यागोत्याचं काही नाही. म्हणाली, "मावशी, जागेचं सोड. बायकाच येईनाशा झाल्यात." ते खरं होतं. जुन्या बायका करी रोडला, काळाचौकीला, नायगावला टॉवरमध्ये राहायला गेल्या. गुडघे गेलेले, पाच-सहा किलो मिरची उचलून आणायची कुणी? सुना पुडीचा मसाला आणतात. मग अंबिका म्हणाली, बायका येत नाहीत तर डंकच त्यांच्या दारी न्यायचा.

मी म्हटलं, मग बसव तुझ्या पिकअपवर. ती हसली. म्हणाली, मुसळ दिवसभर आपटलं तर गाडीच्या पाट्यांचा भुगा होईल. शिवाय डंक कुटत असताना गाडी अडकून पडली तर पोती कोण आणणार? डंक आपल्या पायांवर उभा राहिला पाहिजे आणि गाडी सुटून दुसऱ्या कामाला गेली पाहिजे. म्हणजे ट्रेलर. मागे ओढायची गाडी.

गोदीलगतच्या दारूखाना भागात हितेंद्र नावाचा वेल्डिंगवाला आहे. मच्छीमारांच्या होड्या ओढायच्या गाड्या तो बनवतो. त्याने होडीच्या गाडीसारखीच एक गाडी केली आणि पिकअपच्या ढुंगणाला, म्हणजे मागच्या बंपरला, गोळा लावून तिला अडकवली. त्याच्या आवारातच चाचणी. दोन उखळांच्या वजनाची पोती वर टाकली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, दुसरा उद्योग काय! पोती पडताच पिकअप मागे अशी बसली की दिवे आभाळाकडे बघायला लागले. श्राद्धाचं जेवून पाटावर मागे रेललेला भटजी कसा दिसतो, तशी. आणि जरा वेग घेतल्यावर मागची गाडी शेपूट हलवायला लागली, डावीकडे-उजवीकडे. शिवाने डोळे मिटून घेतले.

बुधाजी आमच्याबरोबर होता. तळमजल्यावर राहतो, जन्मभर गोदीतून कंटेनरचे ट्रेलर चालवले, आता गुडघ्याला पट्टा बांधून स्टुलावर बसतो. तो एवढंच म्हणाला, "जू बैलाच्या मानेर ठेवतत गो बाय, शेपटाक नाय."

हितेंद्रच्या लगेच डोक्यात शिरलं. गोदीतल्या त्या मोठ्या गाड्यांसारखं म्हणता का, म्हणाला. बुधाजी म्हणाला, तसंच, फक्त लहान. त्याला ते लोक पाचवं चाक म्हणतात. मी आपली चाकं मोजत बसले. पिकअपची चार, मागच्या गाडीची वेगळी, हे पाचवं कुठलं? तर ते चाकच नव्हे. लोखंडाची जाड तबकडी, घोड्याच्या नालासारखी एका बाजूने फाटलेली. ती पिकअपच्या हौद्यात बसवायची, बरोबर मागच्या चाकांच्या वर, जराशी पुढेच. ट्रेलरच्या नाकाखाली बोटभर नव्हे, चांगला मनगटाएवढा खिळा असतो. गाडी मागे घेतली की खिळा त्या फटीत शिरतो आणि आतला जबडा त्याला धरतो. मग वजन गाडीच्या शेपटावर न येता पाठीवर येतं. चाक म्हणतात आणि कधी रस्त्यावर फिरत नाही. आमच्या चाळीतही असे दोन-तीन जण आहेत.

पण कुठली तबकडी घ्यायची, यावर आठवडाभर खल झाला. एक असते जागेवर पक्की बसलेली. हितेंद्रचं मत तिला. स्वस्त, मजबूत, बिघडायला तिच्यात काही नाही. दुसरी सरकणारी. थांबून दांडा ओढायचा की ती मागे सरकते आणि ट्रेलरचं नाक ड्रायव्हरच्या पाठीपासून लांब जातं, अवघड वळण घ्यायचं, मग पुन्हा पुढे चाकांवर आणून पक्की करायची. कटकट जास्त. बुधाजी म्हणाला, गोदीत रस्ते ऐसपैस, मी जन्म पक्क्यावर काढला. पण आपल्या गल्लीतून बाहेर पडायचं वळण मी सांगू शकत नाही.

अंबिकेने वाद घातला नाही. कुणाकडे तरी नवा फ्रिज आला होता, त्याच्या खोक्याचा पुठ्ठा मागून आणला. ट्रेलरच्या नाकाच्या मापाचा कापला. शिवाला हौद्यात उभा केला, खिळ्याच्या जागी पुठ्ठ्यावर बोट दाबून धरायला सांगितलं आणि खालून मला म्हणाली, मावशी, तू वळव. मी काठीने पुठ्ठ्याची शेपटी ढकलत ढकलत गल्लीच्या वळणाएवढी फिरवली. पुठ्ठ्याचा कोपरा जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या काचेला टेकला. पुठ्ठा होता म्हणून टेकला. लोखंड असतं तर काच अंबिकेच्या मानेत.

झालं, सरकणारी ठरली. हितेंद्रही उमदा. म्हणाला, नाकाचे दोन्ही कोपरे मी तिरपे कापून देतो, म्हणजे अजून जागा मिळेल. आणि बोल्ट हौद्याच्या पत्र्याला मारला नाही, खालच्या चासीला मारला. पत्रा म्हणजे काय, डब्याचं झाकण, तो म्हणाला. ट्रेलर जोडल्यावर नाक वर नको, खाली नको, सपाट हवं, म्हणून तबकडीची उंची त्याने दोनदा बदलली. चार मुसळांपैकी दोनच ट्रेलरवर बसवली, जड लोखंड पुढच्या अंगाला. पासिंगचे कागद यायला वेळ लागला, तो लागतोच. कागद हातात आल्याशिवाय अंबिकेने गाडी रस्त्यावर आणली नाही. तोवर रविवारी सकाळी दारूखान्यातल्या मोकळ्या जागेत बुधाजी तिला शिकवायचा. मागे घेताना म्हणे स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. पहिल्या रविवारी ट्रेलर एका भिंतीकडे आणि पिकअप दुसऱ्या भिंतीकडे बघत उभी राहिली, नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर बसतात तशी.

एक नियम मात्र बुधाजीने तिच्याकडून घोकून घेतला. खिळा आत गेला की खट वाजतं. त्या 'खट'वर विसंबायचं नाही. उतरायचं, वाकून टॉर्चने बघायचं, जबडा खिळ्याच्या मागून मिटला आहे ना. मग ट्रेलरचे पुढचे पाय, एकटा असताना तो ज्यांवर उभा राहतो ते, जमिनीवरच ठेवून, त्याचा ब्रेक लावून, पिकअप पुढे जराशी ओढून बघायची. ती अडली तर जोडणी पक्की. त्यानंतरच पाय वर घ्यायचे. अंबिका एकदा वैतागून म्हणाली, अहो, वाजलं की खट, मी ऐकलं. तर बुधाजी म्हणतो, "कानान ऐकलला खरा मानू नको. ओढून बघ."

पहिली फेरी पाडव्याला काढायची ठरली. करी रोडला एका टॉवरच्या मागच्या मोकळ्या जागेत उभं राहायला सोसायटीने एका दिवसापुरती परवानगी दिली होती. बायका आल्या तर पुढचं बघू, असं सेक्रेटरी म्हणाले होते. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर होतं. बायका आल्या नाहीत तर दीर भंगारवाला घेऊन तयारच होता.

आता पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. अख्खा दिवस चांगला. पण आमच्या चाळीतल्या बाबुरावांना त्यातूनही वेळ काढून द्यायची असते. पंचांग घेऊन बसले आणि दुपारी जेवणानंतरची वेळ काढली. चाळीने गुढीखाली ट्रेलर सजवला. झेंडूची माळ, आंब्याच्या पानांचे टाळे, नारळ. प्रत्येक बाईला आपल्या हाताने हळदकुंकू लावायचं होतं. कुणी उखळाला लावलं, कुणी मुसळाला, कुणी टायरला. बाबुराव म्हणाले, ज्याच्या जोरावर चालायचं त्याची पूजा आधी. पिकअपच्या हौद्यात चढले, तबकडीपुढे मांडी घातली, मंत्र म्हटले आणि यंत्राच्या मुखात म्हणून ओल्या अक्षता आणि एक सुपारी आत घातली. वर काळं ग्रीस, आत काय गेलं ते कुणाला दिसणार? अंबिका तेव्हा वर घरात नवी साडी नेसत होती.

ती खाली आली, स्टिअरिंगवर बसली, मागे घेतली. खट वाजलं. टाळ्या पडल्या. बाबुराव घड्याळ बघून म्हणाले, चल चल, वेळ टळतेय. शिवा पाय वर घ्यायला हँडल फिरवायला लागला.

"थांब," अंबिका म्हणाली. साडीचा पदर खोचून खाली उतरली, टॉर्च मारला. पण माळा आणि टाळे लोंबत होते, धड दिसेना. पुन्हा वर बसली आणि पिकअप हळूच पुढे घेतली.

पिकअप पुढे आली. ट्रेलर तिथेच राहिला.

पाय जमिनीवर होते म्हणून तो फक्त जरा हलला, कण्हला, आणि उभा राहिला. पाय वर घेतलेले असते तर नाक आपटलं असतं, आणि शिवाचे हात तिथेच होते. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा सगळ्यांना एकच दिसलं, की पाडव्याच्या दिवशी पहिल्याच पावलाला सुटलं. मग बाबुराव बोलले, आणि हळू नाही बोलले.

"पाडव्याला सुटलेलं बरं नव्हे. आज नको, अंबिका."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दोघीतिघी मिरचीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी त्या पदराआड घेतल्या. अंबिकेने कुणाकडेच बघितलं नाही. हौद्यात चढली, दांडा ओढून जबडा उघडला, सळईला फडकं गुंडाळून आत फिरवलं. बाहेर आल्या ग्रीसमध्ये मळलेल्या अक्षता. कुंकवाने लाल झालेल्या. आणि त्यात सुपारी, अर्धी चेचलेली. तिने ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

"नमस्कार बाहेरून करा हो," ती म्हणाली. "ह्याच्या तोंडात काही घालू नका. त्याला तोंड मिटायचंय."

शिवा हसला. तो हसला म्हणून सगळे हसले, कारण त्याला हसताना बघायची सवय कुणाला नाही. बाबुराव हसले नाहीत. वेळ टळून गेली, असं ते पंचांगाला सांगितल्यासारखं म्हणाले. त्यावर अंबिकेने त्यांना विचारलं, अगदी आदराने विचारलं, "बाबुराव, पाडवा संध्याकाळपर्यंत असतो ना?"

त्यांना नाही म्हणता येईना. पंचांगात तसंच आहे.

तिने सगळं पुसलं, नवं ग्रीस लावलं, माळा काढून ट्रेलरच्या मागच्या अंगाला बांधल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. खट. टॉर्च. मग ओढून बघितलं. पिकअपने जोर केला आणि जागची हलली नाही. बुधाजीने स्टुलावरून मान डोलावली. पाय वर गेले. गल्लीच्या वळणाला थांबून तिने तबकडी मागे सरकवली, दांडा पक्का केला, मुंगीच्या पावलांनी वळली, बाहेर आल्यावर पुन्हा पुढे आणली. मी पुढे तिच्या शेजारी बसले होते, मांडीवर माझ्या मिरचीची पिशवी. मागच्या काचेत बघायची मला हिंमत झाली नाही. काच आहे तिथे आहे, एवढं मात्र मधून मधून चाचपून घेत होते.

ट्रेलर सुटल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. हल्ली फोनवर सगळं आधीच पोचतं. करी रोडला त्या मोकळ्या जागेत वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. सेक्रेटरी गॅलरीतून बघून आत गेले. अंबिकेने ट्रेलरचे पाय खाली सोडले, फळीवर पाणी ठेवून सपाट आहे का बघितलं, सोसायटीची वायर जोडली. मग चटई अंथरली, बायकांना बसायला. चटईवर एक मांजर येऊन बसली.

बराच वेळ गेला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, तुझीच घेऊ का आधी? रिकामं उखळ चालवता येत नाही, लोखंडावर लोखंड फुटतं. मी म्हटलं, अगं, मग ही पिशवी मी हवा खायला आणली का?

माझी मिरची उखळात पडली आणि मुसळं सुरू झाली. धप्प, धप्प. टॉवरच्या भिंतींमध्ये तो आवाज असा घुमला की मलाच वाटलं, आपल्या लहानपणची गल्ली जागी झाली. वर एक खिडकी उघडली. मग एक. एक म्हातारी अकराव्या मजल्यावरून ओरडून विचारायला लागली, कुणाचा गो डंक? खाली धड ऐकू येत नव्हतं, पण हातानेही विचारत होती. अंबिकेने तोंडाचं फडकं काढून वर बघितलं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्या म्हातारीबरोबर तिची सून होती, आणि सुनेच्या हातात सकाळीच भाजून ठेवलेली मिरची. आज येणार नाही असं कळलं होतं, सून म्हणाली. म्हातारी म्हणाली, कळलं होतं तुला. मला आवाज आला.

त्यानंतर चटई पुरेना. मांजर उठून गेली. बाबुरावही आले, टॅक्सी करून, बायकोची मिरची घेऊन. बायकोनेच पाठवलं होतं, पंचांगापुढे तिचं चालत नसलं तरी मसाल्यापुढे त्यांचं चालत नाही. अंबिकेने त्यांना नंबरात बसवलं, सगळ्यांच्या मागे, आणि चहा आधी दिला.

दिवे लागणीला अजून निम्म्या पिशव्या राहिलेल्या. सेक्रेटरी खाली आले. मला वाटलं, आवाजाबद्दल बोलतील. त्यांनी दोन बोटांनी नाक धरलं होतं, पण म्हणाले, उद्या कधी सुरू करणार? आणि ते दर महिन्याला एक दिवस ठरवायला तयार होते, सकाळी दहाच्या आधी नको आणि वाऱ्याच्या बाजूला नको, एवढ्याच अटी. गाडी राहू दे इथेच, म्हणाले, वॉचमन आहे.

अंबिकेने ट्रेलरचे पाय नीट टेकलेत का ते बघितलं. चाकांना दगड लावले. मग दांडा ओढला आणि पिकअप पुढे घेतली. या वेळी सुटायचंच होतं, तर कसं अलगद सुटलं. बाबुराव हौद्यात पोत्यांवर बसून येतो म्हणाले, तिने त्यांना माझ्या शेजारी पुढे बसवलं.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा गुढी उतरवलेली होती आणि दीर चहाच्या टपरीशी उभा होता. पिकअप एकटीच आलेली बघून तो पुढे आला. चेहऱ्यावर काळजी होती, खोटं कशाला सांगू, पण काळजीच्या मागे जरा समाधानही होतं.

"काय झालं वहिनी? पुन्हा सुटला?"

अंबिकेने काच खाली केली.

"नाही भावोजी. राहिला. उद्याच्या पिशव्या आहेत तिकडे."

आणि त्याला हात करून जरा बाजूला व्हायला सांगितलं, तिला गाडी लावायची होती.